टाकीवरच्या चौदा जणी

सोमवार, ६ जानेवारी

पुढच्या आठवड्यापासून शहरातल्या दोनशे माणसांना आम्ही प्रवासाची वही लिहायला लावणार आहोत. पंधरा दिवस, घराबाहेर पाऊल टाकलं की नोंद करायची: किती वाजता निघालात, कशाने गेलात, किती वाजता पोहोचलात, कशासाठी गेलात. लोक बस सोडून गाडीच्या मागे का लागतात, हे त्यातून कळावं अशी अपेक्षा. वही सोपी आहे की नाही ते बघावं म्हणून आज एक मीच भरायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडकलो. ‘कशाने गेलात’ या खान्यात मी ‘बस’ असं लिहिलं. गेलो होतो गाडीने.

म्हणून ही दुसरी वही आणली. हिला खाने नाहीत आणि ही कोणी परत मागणार नाही.

झालं असं की गेल्या वर्षी एका बैठकीत मोठ्या बाईंनी विचारलं, “वाहतूक नियोजनात काम करणाऱ्यांपैकी बसने कोण येतं?” मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. एकही हात वर गेला नाही. मी सर्वेक्षणाचा प्रमुख. माझा हात वर गेला. हात आधी गेला, विचार मागून आला. बाई म्हणाल्या, “निदान एक तरी!” तेव्हापासून मी गाडी छापखान्याच्या मागच्या गल्लीत लावतो, चालत थांब्यावर येतो, सतरा नंबरची बस आली की उतरणाऱ्या घोळक्यात शिरतो आणि त्यांच्याबरोबर फाटकातून आत जातो. शिरताना चेहरा जरा दमलेला करतो.

एकोणपन्नास वर्षांचा माणूस. लिहून काढल्यावर फारच वाईट दिसतं हे.

गुरुवार, ९ जानेवारी

वह्या वाटण्याचं काम. अंगमेहनतीची कामं करणाऱ्या बायका यादीत कमी पडत होत्या, म्हणून मी स्वतः मोठ्या इस्पितळाच्या मागच्या दाराशी उभा राहिलो. दुपारी दोनला धुलाईखान्याची पाळी सुटते. दहा जणींना विचारलं, नऊ जणी घाईत होत्या. दहावी थांबली. पन्नाशीची असावी. हाताची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. तिने वही उभ्या उभ्या पूर्ण वाचली, मागचं पानही.

“प्रत्येक प्रवास लिहायचा?”

“प्रत्येक.”

“खाली दुकानात साबण आणायला गेले तर?”

“तोही.”

“आणि निघाले, पण विसरलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले तर?”

हा प्रश्न आमच्या सूचनापत्रिकेत नव्हता. मी म्हटलं, “ताई, जमेल तसं लिहा.”

“जमेल तसं कशाला? घेतली तर नीटच भरीन.” तिने वही पिशवीत, डब्याच्या खाली, चुरगळणार नाही अशी ठेवली. वहीचा क्रमांक ८८.

मंगळवार, २१ जानेवारी

आज पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर माणसं मोजायची होती. पहाटे पाच ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाला किती जण चढले, किती उतरले. पहाटेची पाळी कोणालाच नको होती, तेव्हा प्रमुख म्हणून मी घेतली. सगळ्यांनी कौतुक केलं.

गजर साडेचारला झाला. मी तो बंद केला. पुन्हा झाला, पुन्हा बंद केला. थांब्यावर पोहोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तिथे एक म्हातारा आणि दोन विद्यार्थी उभे होते. पाच ते सातचे चार रकाने कोरे होते. पावणेआठला दुसरा माणूस मला सोडवायला येणार, त्याला कोरे रकाने दिसले असते. मी लिहिलं: २, ४, ३, ५.

एकसारखे आकडे टाकले असते तर कोणालाही संशय आला असता. चढउतार ठेवला तो मुद्दाम. इतकी अक्कल मला कुठून सुचली ते मला कळत नाही.

बुधवार, २२ जानेवारी

ही म्हणाली, “आज बस मिळाली वेळेवर?” मी म्हटलं, “मिळाली.” ती म्हणाली, “बरं झालं. गाडीत तुझी छत्री आहे, उद्या बसमध्ये लागली तर काढून ठेव.” बायकोचं आपल्याकडे इतकं लक्ष असतं याचं बरं वाटलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दोनशेपैकी एकशे एकसष्ट वह्या परत आल्या. निम्म्यांत पहिल्या तीन दिवसांनंतर ‘वरीलप्रमाणे’ एवढंच आहे. एका गृहस्थाने पंधराही दिवस ‘कशासाठी’ या खान्यात ‘नाइलाज’ असं लिहिलंय. आम्ही खूप हसलो.

मग ८८ उघडली. पेन्सिलीने लिहिलेली, बारीक, सरळ अक्षर. एकही दिवस सुटलेला नाही. ‘५.१८ घर सोडले. ५.३५ टाकीचा थांबा. ५.४० बस. उभी. ५.५७ इस्पितळ. कामासाठी.’ ‘३.१० दुकान. चालत. साबण. दुकान बंद, तसेच परत.’ खान्यात मावलं नाही ते समासात लिहिलंय: ‘पाच चाळीसची चुकली तर सहाची हजेरी चुकते.’

आणि २१ जानेवारी, मंगळवार: ‘टाकीवर आज आम्ही चौदा जणी. बस आधीच भरलेली. मी पायरीवर.’

त्या अर्ध्या तासाला माझ्या तक्त्यात ४ आहेत.

मी दार लावून घेतलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली आणि मला हवं ते सापडलं. वयाचा खाना कोरा होता. नियमाप्रमाणे व्यक्तिगत माहिती अपूर्ण असेल तर वही धरायची नाही. नियम मीच लिहिलेला आहे. मी तिच्यावर ‘अपूर्ण’ असा शिक्का मारला आणि ती कपाटात टाकली.

आणखी तेवीस वह्यांतही वय नाही. त्यांच्यावर मी शिक्का मारलेला नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज माझ्या योजनेचं सादरीकरण झालं. नाव ‘सरळ सतरा’. सतरा नंबर सध्या गल्लीबोळांतून फिरत येते, अठ्ठावन्न मिनिटं घेते. ती सरळ उड्डाणपुलावरून न्यायची, टाकीसकट मधले पाच थांबे गाळायचे आणि टाकीवर पाच चाळीसला येणारी पहिली फेरी रद्द करून साडेसहाला सुरुवात करायची. वेळ येईल एक्केचाळीस मिनिटं. गाडीवाला माणूस म्हणेल, इतक्या वेळात पोहोचतोय तर गाडी काढायची कशाला? हे वाक्य मी फार सफाईने म्हटलं. गाडीवाल्या माणसाच्या मनातलं मला चांगलं कळतं असं सगळ्यांचं मत पडलं.

मोठ्या बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. “हा टाकीचा थांबा. इथे पहाटे कोणी नसतं?”

“चारसहा जण,” मी म्हणालो.

“नक्की?”

“मी स्वतः मोजलेत.”

आवाज जराही हलला नाही. बाहेर आलो. आमचे शिपाईमामा म्हणाले, “साहेब, बसला आज गर्दी नव्हती वाटतं? इस्त्रीची घडी मोडली नाही.” मामांच्या नजरेतून काही सुटत नाही. उद्यापासून उतरायच्या आधी शर्ट जरा चुरगळायला हवा.

शनिवार, १ मार्च

परवापासून ‘सरळ सतरा’ धावणार. त्यासाठी माझा फोटो काढला. बस आगारात उभी होती, रिकामी. मी खिडकीशी बसलो, मागे कार्यालयातले चौघे प्रवासी म्हणून बसवले. खाली अक्षरं येणार: ‘मी बसने येतो. तुम्ही?’ छायाचित्रकार म्हणाला, “जरा खरं हसा ना.” सतरा वेळा काढला तरी जमलं नाही.

सोमवार, २४ मार्च

तीन आठवड्यांचे आकडे आले. वेळ खरंच बेचाळीस मिनिटांवर आली. प्रवासी अकरा टक्क्यांनी वाढले. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. टाळ्या.

पण आकडे उलगडून बघितले तर वाढलेले प्रवासी शेजारच्या मार्गावरचे. ते आधीही बसनेच जात होते. पुलावर गाड्या जेवढ्या होत्या तेवढ्याच आहेत. त्यांतली एक माझी. ज्या माणसाला गाडीतून उतरवण्यासाठी हा मार्ग आखला तो माणूस मी, आणि मी अजून छापखान्यामागच्या गल्लीत गाडी लावतोय. आज पुलावर माझ्यापुढे सतरा नंबर होती. तिच्या पाठीवर माझा फोटो. सहा मिनिटं मी माझ्याच तोंडामागून गाडी चालवत होतो.

त्याच दोनशे पत्त्यांवर वह्यांची दुसरी फेरी टपालाने गेली आहे. ८८ ला ती पाठवू नये असं कोणाला सांगायचं राहिलं. सांगणार तरी काय होतो?

बुधवार, ९ एप्रिल

८८ परत आली.

पहिल्या पानावर, सर्वांत वर, वय: ५२. आकडा पेन्सिलीने गिरवून ठळक केलेला.

‘४.४० घर सोडले. चालत. पुलाखालून. ६.०५ इस्पितळ. हजेरी लागली नाही.’

‘४.३० घर सोडले. चालत. ५.५५ इस्पितळ. आम्ही सगळ्या मिळून जातो. बॅटरी एकच आहे.’

‘४.३० घर सोडले. चालत. पुलाखाली दिवे नाहीत, खोदलेले आहे.’

आठ दिवस असंच. जाताना चालत, येताना जवळच्या थांब्यापर्यंत बस. नवव्या दिवशी ‘४.३० घर सोडले. चालत.’ एवढंच. पोहोचल्याची वेळ नाही.

पुढची पानं कोरी आहेत. अगदी शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात: ‘यापुढे प्रवास नाही.’

मी वही मिटली. पुन्हा उघडली. नववा दिवस पुन्हा वाचला. वेळ कुठेतरी दुसऱ्या ओळीत गेली असेल असं वाटत राहिलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

तिच्या घरी गेलो. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. गाडी दोन चौक अलीकडे लावली. तिथे मला कोण ओळखणार होतं? सवय.

दार मुलीने उघडलं. विशीची असेल, नोकरीवरून नुकतीच आलेली दिसत होती, पायांत अजून बूट. आत खिडकीपाशी ती बसली होती. उजव्या हाताला कोपरापासून पंजापर्यंत प्लास्टर. मला बघून उठायला लागली.

“साहेब, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? मी हिच्याकडून निरोप देणारच होते. सहा दिवस भरायचे राहिले ना?”

मी म्हटलं, “बसा, बसा.”

“हात असा झाला म्हणून नाही हो. हिच्याकडून लिहून घेतलं असतं. पण प्रवासच झाला नाही तर लिहायचं काय? कोऱ्या खान्यांत काय लिहायचं असतं?”

“काही नाही लिहिलं तरी चालतं.”

“बरं झालं. मला वाटलं, अपूर्ण म्हणून बाद कराल. मागच्या वेळी वय राहिलं होतं माझं. घरी आल्यावर आठवलं, इतकी चुटपुट लागली! या वेळी आधी तेच लिहिलं.”

मी हाताचं विचारलं. मुलगी सांगायला लागली. पुलाखाली पाइपासाठी चर खणलाय. बॅटरी पुढच्या बाईच्या हातात होती. आई मागे राहिली, बुटाचा बंद बांधायला वाकली, उठली आणि सरळ चरात गेली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. बायकांनी वर काढलं आणि ज्या इस्पितळात कामाला जायची तिथेच नेलं. डॉक्टर म्हणाले, हात पूर्वीसारखा वळणार नाही. ओल्या चादरी पिळायचं काम, हात वळला नाही तर कसं होणार? धुलाईखान्याने चौथ्या दिवशी दुसरी बाई घेतली.

“एकोणीस वर्षं होते मी तिथे,” ती म्हणाली. तक्रार नव्हती, माहिती होती. खान्यात भरतात तशी. मग म्हणाली, “साहेब, ती बस का हो बंद केली? आम्ही आपसांत खूप बोललो. कोणी म्हणे डिझेल, कोणी म्हणे ड्रायव्हर नाहीत. तुम्ही त्याच खात्यातले, तुम्हाला माहीत असेल.”

“बघतो,” मी म्हणालो.

बघतो! चहा प्यायलो, कप खाली ठेवला आणि निघालो.

सोमवार, १४ एप्रिल

शनिवार, रविवार काही केलं नाही. आज सकाळी हिला सगळं सांगितलं. हातापासून सुरुवात केली, म्हणजे बैठकीत वर गेलेल्या माझ्या हातापासून.

ही म्हणाली, “गाडीचं मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले. मग म्हटलं, याला लाज वाटत असेल, आपण कशाला उघडं पाडा. चुकलंच माझं.”

मग मी रकान्यांचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं, प्लास्टरचं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

“आता कोणाला सांगणार आहेस?”

“तुला सांगितलं की.”

“मला सांगून काय? मी काय बस सोडणार आहे?”

मंगळवार, १५ एप्रिल

पावणेपाचला टाकीच्या थांब्यावर होतो. या वेळी गजराच्या आधीच जाग आली होती. थांब्याची पाटी काढली आहे, खांब आहे. थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेने एक दिवा हलत आला. त्यामागे बायका, एकीमागे एक, कारण दोघी शेजारी चालतील एवढी जागाच नाही. मी मोजल्या. अकरा. मी त्यांच्या मागोमाग चालू लागलो, पुलाखाली, चराच्या काठाने. अंगावरून ट्रक गेला की सगळी रांग भिंतीला चिकटायची.

मागून एक पुरुष येतोय हे त्यांच्या लक्षात आलं. दिवा थांबला आणि वळून माझ्या तोंडावर आला.

“काय हवंय?”

“काही नाही. मी वाहतूक खात्यातला. मोजतोय.”

“काय मोजताय?”

“तुम्हाला.”

दिवा माझ्या तोंडावरून हलला नाही. “आत्ता?” ती म्हणाली.

कोणीतरी मागून म्हणालं, “चल गं, हजेरी जाईल.” त्या निघाल्या. मी अंतर ठेवून इस्पितळापर्यंत गेलो. एक तास दहा मिनिटं लागली. माझ्या पायाला फोड आला आणि त्याचं मला थोडं समाधान वाटलं. हेही लिहून ठेवतो, कारण तेही लाजिरवाणंच आहे. त्या बाईचं मनगट मोडलं आणि मी फोडावर समाधानी.

सोमवार, २१ एप्रिल

आढावा बैठक. त्याआधी नऊ वाजता मी टिपण आवक खिडकीवर दिलं आणि पोच घेतली. ऐन वेळी पाय मागे घेईन याची मला खात्री होती, म्हणून आधीच कागदावर शिक्का घेतला.

माझी पाळी आली तेव्हा मी आकड्यांचे तक्ते उघडले नाहीत. टिपण वाचलं. २१ जानेवारीला पहाटे मी थांब्यावर नव्हतो. चार रकाने मनाने भरले. ८८ क्रमांकाच्या वहीत खरी संख्या होती, ती वाचून मी वही बाद केली. पहिली फेरी त्या आकड्यांवर रद्द झाली. त्या वहीच्या बाई पुलाखाली पडून जायबंदी झाल्या, त्यांचं काम गेलं. आणि मी बसने येत नाही.

शेवटच्या वाक्याला कोणीच चमकलं नाही. एकाने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने कागदाकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांना माहीत होतं. रोज सकाळी घोळक्यात शिरणाऱ्या, दमलेलं तोंड करणाऱ्या मला वरच्या खिडकीतून किती जणांनी बघितलं असेल!

मोठ्या बाई कारकुनाला म्हणाल्या, “हे इतिवृत्तात घेऊ नका.”

“लेखी दिलंय, मॅडम. आवक क्रमांक पडलाय.”

त्यांनी चष्मा काढला. “तुम्हाला काय वाटतं, हे असं उभं राहून सांगितलं की तुम्ही मोठे होता?”

मी नाही म्हणालो. पण खरं सांगायचं तर बैठकीला येताना जिन्यात थोडं तसं वाटलं होतं.

“तुम्ही आळशी आहात एवढंच असतं तर मी समजू शकले असते,” त्या म्हणाल्या. “बसा.”

दुपारी मामांनी चहा आणला आणि कप ठेवता ठेवता म्हणाले, “साहेब, गाडी आता आतच लावत चला. गल्लीत फार खरचटते.”

बुधवार, ३० एप्रिल

चौकशी सुरू. तोवर माझी बदली अभिलेख कक्षात. तळघरात जुन्या फायली आहेत, एक खिडकी आहे, तीही फुटपाथच्या पातळीला. लोकांचे पाय दिसतात. पोस्टर उतरवली म्हणे. एका बसवरचं राहिलंय, माझ्या अर्ध्या तोंडावर आगाराची सूचना चिकटवली आहे.

पहाटेच्या फेरीसाठी नव्याने मोजणी झाली. तीन दिवस, दोन वेगळी माणसं. मला लांब ठेवलं, ते योग्यच. आता मी खरोखर सतरा नंबरने जातो. कंडक्टर ओळखतो, पण बोलत नाही. बेचाळीस मिनिटं लागतात. उभं राहावं लागतं. तक्रार करायला तोंड नाही.

सोमवार, १२ मे

आज पाच चाळीसची फेरी पुन्हा सुरू झाली, जुन्या रस्त्याने, टाकीवरून. खांबावर पाटी परत आली. मी समोरच्या बाजूला झाडाखाली उभा होतो. पाच बावीसपासून बायका यायला लागल्या. पाच एकोणचाळीसला बस आली, एक मिनिट आधी. सगळ्या चढल्या. जाताना त्या जोरजोरात काहीतरी बोलून हसत होत्या, खिडकीतून आवाज येत होता.

अकराच होत्या. दोघींनी मार्चमध्येच काम सोडलं होतं, हे नव्या मोजणीच्या टिपणात आहे. तिसरी कोण ते टिपणात नाही.

गुरुवार, १५ मे

अर्धी रजा टाकून तिच्याकडे गेलो. बसने. प्लास्टर निघालं होतं. हात मांडीवर ठेवला होता, जरा आत वळलेला. मला बघून तिचा चेहरा उजळला. तेच सोसवेना.

“या या! सगळ्या जणी रविवारी येऊन सांगून गेल्या. बस येणार म्हणून. मला म्हणतात, तू पडलीस म्हणून आली. म्हटलं, नाही गं, ते साहेब आले होते ना, बघतो म्हणाले होते.”

मी खुर्चीत बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा चहा प्यायलो असतो. उभ्यानेच सांगितलं. थांबा का गेला, बस का गेली. त्या दिवशी मी झोपलो होतो. चार आकडे मनाने लिहिले. मग म्हणालो, “तुमच्या पहिल्या वहीत खरी संख्या होती. ती धरली असती तर बस गेली नसती. ती वही मी बाद केली.”

खालच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं, ते बंद होईपर्यंत ती थांबली.

“वय लिहिलं नव्हतं म्हणून?”

“नाही. वय हे निमित्त.”

“वाचली होती तुम्ही?”

“हो.”

“सगळी?”

“पंधराही दिवस.”

तिने मान हलवली. डाव्या हाताने उजवा हात उचलून जरा नीट ठेवला.

“मी काय समजत होते सांगू?” ती म्हणाली. “एवढ्या वह्या, एवढी माणसं, तिथे कोण वाचत बसणार? नसेल वाचली कोणी. त्याचं मला काही वाटलं नव्हतं.” मग खिडकीकडे बघत म्हणाली, “वाचली होती म्हणजे.”

मी माफी मागितली. इस्पितळात हलकं काम मिळतंय का ते बघण्यासाठी मी कोणाला भेटू शकतो, असं काहीतरी बोलायला लागलो. तिने हात वर केला. चांगला हात.

“नको. तुम्ही आता काही बघू नका. मुलगी यायची वेळ झालीय, ती यायच्या आत निघा. घरात रोज तुमचं नाव काढते ती, चांगला माणूस म्हणून. तिला मी सांगेन. पण माझ्या मी सांगेन.”

मी बाहेर पडलो. जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. निम्म्यात ती मुलगी भेटली, पिशवी घेऊन वर येत होती. मला बघून ती हसली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मला वाट दिली.

“सावकाश उतरा, सर,” ती म्हणाली. “खालून दुसरी पायरी फुटकी आहे.”